यजमान गेले, तरी औषधांच्या दुकानाचे मेसेज थांबत नाहीत

ताई, नमस्कार.

मी नाशिकला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे. गेल्या दिवाळीनंतर माझे यजमान गेले. त्यांना मधुमेह होता, पुढे किडनीचाही त्रास सुरू झाला. शेवटची काही वर्षं त्यांची सगळी औषधं मी एका ॲपवरून मागवत होते. ॲप माझ्या नंबरवर आहे, पण आत 'पेशंट' म्हणून त्यांचं नाव आहे. आता दर महिन्याला त्यांच्या नावानिशी मेसेज येतो, 'यांची औषधं संपत आली आहेत, आजच मागवा.' साधा एसएमएस येतो, व्हॉट्सॲपवरही येतो. मध्ये एका डायलिसिस सेंटरचा फोन आला, मग कुठल्याशा आरोग्य विम्याचा. मुलगा पुण्याला आयटीत आहे. तो म्हणतो, 'आई, डेटा केव्हाच सगळीकडे गेलाय. ब्लॉक कर आणि विसर.' नणंद म्हणते ॲपच काढून टाक. पण माझी बीपीची गोळी तिथूनच येते आणि मेडिकल घरापासून लांब आहे. हल्ली साध्या कपड्यांच्या दुकानातही बिलाआधी नंबर मागतात, नाही म्हणायला अवघड वाटतं. यजमानांचा मोबाइल नंबर मी अजून रिचार्ज करते, तो बंद करू का? की मी उगाच हळवी होतेय?

– एक वाचक, नाशिक

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही उगाच हळव्या होत नाही आहात. घरातलं माणूस गेलं की बँक, सोसायटी, पेपरवाला, सगळ्यांना आपण कळवतो आणि ते ऐकून घेतात. ज्या दुकानाला तुम्ही इतकी वर्षं दरमहा पैसे मोजलेत, त्याला मात्र ही गोष्ट सांगायची जागाच सापडत नाही. वर दर महिन्याला त्यांचं नाव फोनवर येतं. याचा त्रास कुणालाही होईल. तो थांबवता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा काळजीपोटी बोलतोय, पण 'डेटा गेला, आता काही होत नाही' हे त्याचं म्हणणं मला मान्य नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांचे पूर्ण नंबर असंख्य दुकानांच्या संगणकांत साठलेले असायचे. रिझर्व्ह बँकेने नियम केला आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना ते साठवायची मनाई झाली. आता दुकानाकडे कार्डाच्या नंबराऐवजी त्या दुकानापुरतंच चालणारं एक टोकन, म्हणजे सांकेतिक क्रमांक असतो आणि तो आपल्याला बँकेकडून रद्द करून घेता येतो. म्हणजे सुटलेली माहितीही आवरता आली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा 24 ऑगस्ट 2017 चा निकाल न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. 2012 मध्ये त्यांनी याचिका केली तेव्हा ते निवृत्त होते आणि त्यांनी वयाची ऐंशी ओलांडलेली होती. मुलाला हेही जरूर सांगा.

आता तो मेसेज येतो कसा ते बघू, कारण ते कळलं की काय करायचं हेही कळतं. तुम्ही तीस गोळ्या मागवल्या आणि डोस दिवसाला एक असेल, तर त्या कधी संपणार हे संगणक मोजून ठेवतो आणि त्याच्या आधी काही दिवस निरोप धाडतो. हे कुणी माणूस करत नाही. 'पेशंट' म्हणून त्यांचं नाव जोवर खात्यात आहे, तोवर हा हिशेब चालू राहणार. तुम्ही एक नंबर ब्लॉक केलात तर मेसेज दुसऱ्या नंबरावरून येईल. ॲप फोनवरून काढून टाकलंत तर तुमच्या फोनवरचं चित्र जाईल, पण खातं कंपनीच्या संगणकात जसंच्या तसं राहील. त्यात त्यांचं नाव, वय, घरचा पत्ता, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो आणि कुठली गोळी किती दिवस घेतली याची यादी असते. मला सगळ्यात जास्त काळजी या यादीची वाटते. कोणाही जाणकाराने ती नुसती वाचली तरी आजार काय होता आणि कधी वाढला, हे त्याला कळेल. डायलिसिस सेंटरचा फोन यावा, यात मला नवल वाटत नाही, संताप मात्र येतो.

म्हणून नणंदेचा सल्लाही अपुरा आहे. त्या खात्यात तीन निराळ्या गोष्टी आहेत. एक, तुम्हाला मेसेज पाठवायची परवानगी. दोन, यजमानांचं प्रोफाइल, चिठ्ठ्या, रिपोर्ट. तीन, आजवरची बिलं. पहिली गोष्ट तुम्ही आज घरबसल्या मागे घेऊ शकता. दुसरी काढून टाका, असं लेखी सांगावं लागेल. तिसरी ते काढून टाकणार नाहीत आणि त्यात त्यांची चूकही नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे विक्रीचे हिशेब त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात आणि औषध दुकानांना विक्रीच्या नोंदी ठेवायचं बंधन वेगळं आहे. हे आधीच सांगते, कारण कस्टमर केअरवाले बहुतेक वेळा याच्याच आड लपतात. 'मॅडम, कायद्यामुळे डिलीट करता येत नाही,' असं म्हणून फोन ठेवतात. तुम्ही तिथे थांबू नका. बिल करासाठी ठेवायचं तर खुशाल ठेवा म्हणावं. करासाठी ठेवलेल्या बिलावरून दरमहा मेसेज पाठवायला कुठलाच कायदा सांगत नाही.

काही काढायच्या आधी तुमची प्रत घ्या. खात्यात 'माय ऑर्डर्स' किंवा तसंच काही असतं. तिथून बिलं आणि चिठ्ठ्या डाउनलोड करून ठेवा. मेडिक्लेमचा दावा किंवा आयकराचं काही बाकी असेल तर त्या लागतील. मग पेशंटची यादी उघडा आणि त्यांच्या नावापुढचं 'रिमूव्ह' शोधा. 'ऑटो रिफिल' किंवा 'सबस्क्रिप्शन' असं काही चालू असेल तर ते बंद करा. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून तिथूनही एखाद्या मेंबरशिपचे पैसे कापले जात नाहीत ना, बघा. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल यांची बटणं वेगवेगळी असतात, ती एकेक करून तपासा. तुमच्या ऑर्डरचे निरोप चालू ठेवा, ऑफर आणि रिमाइंडर बंद करा. बंद करताना 'नको, मला तब्येतीची काळजी नाही' अशा मजकुराचं बटण समोर आलं तर बिचकू नका. माणसाला ओशाळं करून हो म्हणायला लावणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन मनाई केलेला प्रकार आहे. असे तेरा प्रकार त्यांनी नोंदवले आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन बघायची परवानगी आहे का, तेही बघा. गोळ्या पोचवायला तुमच्या माहेरच्यांचे नंबर लागत नाहीत.

एवढं झालं की पत्र. प्रत्येक ऑनलाइन दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर देणं बंधनकारक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकालात काढायची असते. पान अगदी तळाशी सरकवलंत की 'ग्रीव्हन्स ऑफिसर' सापडेल. कस्टमर केअरच्या चॅटवर वेळ घालवू नका, थेट त्या ईमेलवर लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. मजकूर असा ठेवा:

'माझं खातं मोबाइल क्रमांक अमुकवर आहे. या खात्यातील पेशंट श्री. अमुक यांचं अमुक तारखेला निधन झालं आहे. त्यांच्या नावाचं प्रोफाइल, साठवलेल्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि रिफिलची नोंद काढून टाकावी. त्यांच्या औषधांबाबत एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल किंवा फोन यांपैकी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये. त्यासाठी पूर्वी दिलेली संमती मी या पत्राने मागे घेत आहे. कायद्याने ठेवणं भाग असलेली बिलं ठेवण्यास माझी हरकत नाही, मात्र ती कोणत्या कायद्याखाली आणि कधीपर्यंत ठेवणार ते कळवावं. त्यांची माहिती आपण आणखी कोणाकोणाला दिली, त्यांची नावं द्यावीत आणि त्यांनाही ती काढून टाकण्यास सांगावं. माझं स्वतःचं खातं आणि माझ्या औषधांची नोंद तशीच राहू द्यावी.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. नाहीतर पुष्कळदा 'अकाउंट डिलीट' करून मोकळे होतात आणि तुमची बीपीची गोळी अडते. आणि एक पथ्य पाळा. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला तर आधी का लागतो ते विचारा, आणि द्यावाच लागला तर नाव आणि तारीख सोडून बाकीचा मजकूर झाकून पाठवा. आधार कार्ड तर पाठवूच नका. माहिती काढून टाका असं सांगताना त्यांच्या हाती नवी माहिती देण्यात अर्थ नाही.

महिना उलटूनही उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्राची आणि पोचेची तारीख हाताशी ठेवा. त्याच्या पुढची पायरी ग्राहक आयोगाची. त्याची तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. विमा आणि डायलिसिसच्या फोनचा मुद्दा तिथे उपयोगी पडेल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना तिसऱ्याला देणं याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. ती माहिती याच ॲपकडून गेली, हे आपल्याला आज ठाऊक नाही. लॅबकडून गेली असेल, दवाखान्याच्या काउंटरवरून गेली असेल. म्हणून पुढचा फोन आला की ठेवून देऊ नका. 'माझा नंबर तुम्हाला कुणी दिला, तुमच्या कंपनीचं नाव काय,' हे दोन प्रश्न शांतपणे विचारा आणि वेळेसकट लिहून ठेवा. मग 1909 या नकोशा जाहिरातींच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ती सात दिवसांच्या आत करावी लागते. डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन आणि एसएमएस अडवायची सोय, चालू केलं नसेल तर तेही 1909 वरूनच होतं. फक्त त्याची मर्यादा लक्षात असू द्या. ज्या दुकानाला तुम्ही स्वतः संमती दिली आहे, त्याचे मेसेज डीएनडी अडवत नाही, आणि व्हॉट्सॲपवरचे तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून आधी संमती मागे घ्यायची.

एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हल्ली एक इंग्रजी अक्षर असतं. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेचा निरोप, 'टी' म्हणजे व्यवहाराचा, 'जी' म्हणजे सरकारी. 'आजच मागवा' असा मेसेज 'एस' लावून आला असेल, म्हणजे जाहिरात सेवेच्या नावाखाली पाठवली असेल, तर स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा.

तुम्ही नव्या कायद्याबद्दल विचारलं नाहीत, पण मुलगा विचारेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि नागरिकांच्या हक्कांची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. त्यात तुमच्या कामाचं पुष्कळ आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. आपली कोणती माहिती आहे आणि ती कोणाला दिली, हे विचारायचा हक्क आहे, खोडून घ्यायचा हक्क आहे. माहिती कशासाठी घेतोय ते सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. कामापुरतीच माहिती घ्यावी हे समजावताना कायद्याने स्वतःच एक उदाहरण दिलं आहे. डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट मागितले आणि तुम्ही हो म्हणालात, तरी कॉन्टॅक्टपुरती ती संमती धरली जाणार नाही, कारण सल्ल्यासाठी ते लागतच नाहीत. आपल्या मृत्यूनंतर हे हक्क कोणी बजावायचे, यासाठी नॉमिनी नेमायची तरतूदही आहे. तुमच्या यजमानांच्या वेळी ती असती तर आजचं काम सोपं झालं असतं. तुमच्यापुरतं ते कलम लागू होताच मुलाचं किंवा सुनेचं नाव घाला. जीमेल वापरत असाल तर गुगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये तसं नाव आजही घालता येतं.

या कायद्यातलं एक मला मनापासून खटकतं. माहितीची नीट राखण केली नाही म्हणून कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मिळायचा जो मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 अ मध्ये आहे, तो मात्र हा कायदा काढून टाकतो. ग्राहक संघटनांनी हा प्रश्न लावून धरायला हवा. शिवाय किमान दोन कोटी नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन दुकानांना तीन वर्षं न वापरलेल्या खात्यातली माहिती खोडावी लागेल असा नियम आहे. पण तुम्ही ॲप वापरताच आहात, तेव्हा ते आपोआप होईल म्हणून वाट बघू नका.

इथवर झालं ते मेसेज थांबवण्याबद्दल. पण तुमच्या पत्रात मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. तुम्हाला ते दुकान सोडायचं नाही. गोळी वेळेवर येते, भाव ठीक आहे. तुम्हाला फक्त तुमच्या अटीवर गिऱ्हाईक राहायचं आहे, आणि समोरून दोनच पर्याय मिळतात: सगळं द्या नाहीतर निघून जा. मला हे सगळ्यात अन्यायाचं वाटतं. घरी दूध घालणाऱ्या गवळ्याच्या हिशेबाच्या दोन वह्या असायच्या, एक त्याच्याकडे आणि एक आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला. महिनाअखेर दोन्ही ताडून बघायच्या. ऑनलाइन दुकानात वही एकच आहे आणि ती त्यांच्याकडे आहे. दहा दुकानं म्हणजे दहा वह्या. पत्ता बदलला तर दहा ठिकाणी आपण बदलायचा, आणि कुणी काय लिहून ठेवलं आहे ते आपल्याला दिसतही नाही.

हे उलटं करता येईल का, याचा विचार बरीच वर्षं चालू आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रात डॉक सर्ल्स यांनी 2006 मध्ये त्यासाठी एक प्रकल्पच सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कंपन्यांकडे गिऱ्हाइकं सांभाळायची मोठमोठी यंत्रणा असते, तशी गिऱ्हाइकाकडे दुकानं सांभाळायची यंत्रणा का नसावी? आपली माहिती आपल्याकडे राहील, दुकानाला कामापुरती मिळेल, आणि अटी आपणही घालू. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबई ग्राहक पंचायतीत 1975 पासून शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, घरात काय लागणार ते आधी नोंदवतात आणि मग त्याप्रमाणे माल एकत्र खरेदी होऊन येतो. म्हणजे सुरुवात गिऱ्हाइकाच्या गरजेपासून होते. तिथे कुणाचा पाठलाग करून त्याला काय हवं असेल, याचा अंदाज बांधावा लागत नाही.

तंत्रज्ञानातही हे जमतं, याचा पुरावा बँकांच्या व्यवहारात आहे. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये अकाउंट ॲग्रिगेटरचे, म्हणजे तुमच्या मंजुरीने आर्थिक माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या मधल्या संस्थांचे नियम केले आणि सप्टेंबर 2021 पासून ते प्रत्यक्षात चालू झालं. कर्जासाठी तुमच्या खात्याचे तपशील द्यायचे असतील तर कोणाला, कशासाठी, किती काळासाठी हे तुमच्या पडद्यावर येतं. तुम्ही मंजुरी दिलीत तरच माहिती जाते, नंतर मंजुरी मागेही घेता येते, आणि मधल्या संस्थेला ती माहिती उघडून वाचता येत नाही. डेटा संरक्षण कायद्यातही याच धर्तीवर संमती व्यवस्थापक नावाची सोय आहे. डेटा संरक्षण मंडळाकडे नोंदलेल्या अशा संस्थेमार्फत तुम्ही कोणाकोणाला संमती दिली आहे ते एका जागी बघता येईल आणि तिथूनच मागे घेता येईल. त्यांची नोंदणी नोव्हेंबर 2026 पासून सुरू व्हायची आहे. त्यात किती दुकानं सामील होतात, यावर सगळं अवलंबून आहे. आपण गिऱ्हाइकांनी मागत राहिलं पाहिजे.

तोवर तुमची वही तुम्हीच करा. शाळेत हजेरीपट सांभाळणाऱ्या बाईंना मी ते शिकवायला नको. शंभर पानी वही घ्या आणि एका दुकानाला एक पान द्या. कुठला नंबर दिला, कुठला ईमेल, काय काय माहिती दिली, कोणाच्या नावावर, संमती कधी मागे घेतली, पत्र कधी पाठवलं, उत्तर काय आलं. पासवर्ड मात्र त्यात लिहू नका. खरेदीसाठी एक वेगळा ईमेल पत्ता काढा, बँक आणि नातेवाइकांसाठीचा निराळा ठेवा. जीमेलमध्ये आणखी एक सोय आहे. पत्त्यातल्या @ या चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह घालून दुकानाचं नाव लिहिलंत, तरी पत्र तुमच्याच पेटीत येतं. औषधाच्या दुकानाला दिलेल्या त्या खास पत्त्यावर उद्या विमा कंपनीची जाहिरात आली, तर माहिती कुठून गळली हे तुम्हाला पुराव्यासकट कळेल. मुलाला पाच मिनिटांत लावून देता येईल, आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्याच्या हाताला एक कामही मिळेल.

कपड्यांच्या दुकानाचं सोपं आहे. 50,000 रुपयांखालच्या साध्या विक्रीच्या बिलावर जीएसटी नियमांप्रमाणे गिऱ्हाइकाचं नाव-पत्ताही सक्तीचा नाही, मोबाइल नंबरची तर बातच सोडा. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही दुकानदारांना सांगितलं आहे की नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असा आग्रह धरणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. काउंटरवरच्या मुलीशी वाद घालू नका, तिला वरून सांगितलेलं असतं. 'नंबर नको, कागदाची पावती दे बाळ,' एवढं म्हणा आणि थांबा. 'सिस्टम पुढे जात नाही' असं ती म्हणाली तर मॅनेजरला बोलवायला सांगा. माल घरपोच हवा असेल किंवा वॉरंटीची नोंद करायची असेल तर नंबर द्यायला हरकत नाही, तिथे त्याचं काम आहे.

आता यजमानांचा नंबर. तो घाईने बंद करू नका आणि नुसता रिचार्जही करत राहू नका. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी मोबाइल कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. त्या नंबरला एखादी बँक, गॅसचं बुकिंग, महावितरणचं बिल, फास्टॅग किंवा यूपीआय जोडलेलं राहिलं असेल, तर तिथले ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या हातात पडतील. म्हणून आधी तो फोन जवळ घेऊन बसा. गेल्या वर्षभरातले एसएमएस वर सरकवत चला आणि कुठून कुठून निरोप येतात त्यांची यादी तुमच्या वहीत करा. मग एकेक ठिकाणी तुमचा नंबर लावा किंवा खातं बंद करा. बँकेत वारसाचे किंवा नॉमिनीचे कागद आधी पुरे करा. त्यांचं आधारही बघा. 'मायआधार' पोर्टलवर कुटुंबातल्या माणसाचा मृत्यू कळवायची सोय 2025 पासून झाली आहे, म्हणजे त्यांच्या आधारवर दुसरं कुणी काही करू शकणार नाही.

हे सगळं आटोपलं की नंबर सोडून द्यायचा की स्वतःच्या नावावर करून घ्यायचा, ते तुम्ही ठरवा. नावावर करून घ्यायचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जावं लागतं. मेलेल्या माणसाच्या नावावरचं सिम वर्षानुवर्षं वापरत राहणं कायद्याच्या दृष्टीनेही बरं नाही. सोडून द्यायचा असेल तर जाण्याआधी त्या फोनमधले फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे त्यांच्या आवाजातले निरोप मुलाकडून काढून घ्या. व्हॉट्सॲप नंबरला बांधलेलं असतं, नंतर ते मिळवणं अवघड जातं.

अधिकाऱ्याचं उत्तर आलं की मला जरूर कळवा. टाळाटाळीचं आलं तर ते जसंच्या तसं पाठवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.